विहीणबाईंनी एकदाच विचारलं

मला काय हवं आहे ते मी कधीच सांगत नाही. समोरच्याने ते आपणहून ओळखावं अशी माझी अपेक्षा असते, आणि त्याने ओळखलं नाही की मला राग येतो. मग राग आला आहे हेही मी सांगत नाही. अर्चना म्हणते, असल्या माणसाशी संसार करायला बायको नको, ज्योतिषी हवा.

यात माझा दोष थोडा आणि संस्कारांचा जास्त, असं माझं मत आहे. आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे. लहानपणी कुणाकडे जेवायला जायचं असलं की आई निघताना बजावायची : वाढायला आले की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा आणि बोटांमध्ये फट ठेवायची. त्या फटीतून मी आजवर किती जिलब्या मिळवल्या असतील देव जाणे. पहिल्या फटक्यात ‘हो, वाढा’ म्हणणारा पाहुणा आमच्याकडे हावरट ठरतो, आणि पुन्हा न विचारणारा यजमान कंजूष. दोघांनी आपापलं काम चोख केलं की पंगत रंगते.

पुढे नोकरीसाठी चेन्नईला आलो आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदीखात्यात केस पांढरे करून निवृत्त झालो. तिथेही तोच खेळ. माल पुरवणारा ‘नाही साहेब, परवडत नाही’ म्हणाला की आम्ही कॉफी मागवायचो, कारण खरं बोलणं त्यानंतर सुरू व्हायचं. थोडक्यात, ‘नको’ म्हणजे ‘पुन्हा विचारा’ अशी माझी आयुष्यभराची समजूत. ही समजूत घेऊन मी इटलीला गेलो.

जाण्याचं कारण आमची एकुलती एक मुलगी, रेवा. ती शिकायला मिलानला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, “बाबा, दाविदे म्हणून एक जण आहे.” हा दाविदे उत्तरेकडच्या डोंगरातल्या मोंतेवेर्नो नावाच्या जुन्या गावचा. डोंगरावर माणसं नेणाऱ्या रोपवेच्या देखभालीचं काम करतो. वडील नाहीत. आई, ओर्नेल्ला, गावच्या चौकात लहानशी खानावळ चालवते. मी ताबडतोब म्हणालो, “छान! तुमचं तुम्ही ठरवा. आमचं काही म्हणणं नाही.”

संध्याकाळी पार्कात फेऱ्या मारताना गिरीधररावांनाही मी हेच ऐकवलं. गिरीधरराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त झालेत. ते तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी दक्षिणेत आले, येताना आपली मराठी घेऊन आले, आणि तीच मराठी हे लोक अजून तमिळची फोडणी देऊन वापरतात. मी म्हणालो, “काळ बदललाय हो. मुलं सुखी तर आपण सुखी. लग्न इटलीत करा नाहीतर चंद्रावर.”

“अय्यो, खरेंच?” गिरीधरराव चालता चालता थांबले. “मग काल नंगनल्लूरच्या कल्याणमंडपांत काय करत होतां? आमच्या घरच्यांनी पाहिलं तुम्हांस.”

“सहज. वाटेवर होता.”

वाटेवर नव्हता. दोन बस बदलून गेलो होतो. मला रेवाचं लग्न चेन्नईतच करायचं होतं. मांडव, अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, दारात सनईसारखं नादस्वरम, केळीच्या पानावर पंगत, कारखान्यातली आणि शेजारपाजारची आणि कऱ्हाडहून आलेली सगळी माणसं, आणि त्यांच्यामधून मी खांद्यावर जरीचं उपरणं टाकून विनाकारण इकडून तिकडे धावतोय, एवढंच मला हवं होतं. तमिळ लोक मार्गळी महिन्यात लग्न करत नाहीत; पुढचा तै महिना जानेवारीच्या मध्यात लागतो, म्हणून त्यातल्या मोकळ्या तारखाही मंडपवाल्याकडून काढून ठेवल्या होत्या. फक्त रेवाला काही सांगितलं नव्हतं. ते तिने आणि तिच्या होणाऱ्या सासूने ओळखायचं होतं.

मे महिन्यात, कत्तिरीच्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्याच्या, उन्हाने चेन्नईचे रस्ते तापलेले असताना आम्ही निघालो आणि मोंतेवेर्नोला उतरलो तेव्हा अर्चनाने एकावर एक दोन स्वेटर घातले होते. बस खोऱ्यातून वळणं घेत वर चढली आणि गावाच्या वेशीबाहेर थांबली, कारण आतले रस्ते बसच्या जन्माआधीचे. घरं दगडाची, त्यांची छपरंही दगडी चिपांची. मधोमध चौक, चौकात घड्याळाचा मनोरा, मनोऱ्याखाली कमानींची ओळ, आणि समोरच्या चर्चच्या भिंतीवर रंग उडालेले संत. पूर्वी मीठ आणि चीज लादलेली खेचरं याच चौकातून डोंगरापलीकडे जायची, असं दाविदेने सांगितलं. मनोरा आठशे वर्षांचा आहे, असंही म्हणाला. मी मान डोलावली, जणू मनोरा बांधताना मी बाजूलाच उभा होतो.

मुलगा बरा वाटला. शांत, सरळ, आमच्या दोन्ही बॅगा न विचारता उचलून चढ चढणारा. मी ‘राहू दे, राहू दे’ म्हणेपर्यंत तो वर पोचलाही होता. बॅगेत मेतकूट, चिवडा, लोणचं आणि गूळपोळ्या होत्या. परदेशात आपण फक्त स्थानिक पदार्थच खाणार, असं मी चेन्नईत सगळ्यांना सांगून आलो होतो.

खानावळ कमानींच्या खाली होती. ओर्नेल्लाबाई उंच, मजबूत बांध्याच्या आणि मितभाषी. हस्तांदोलन केलं तेव्हा माझी अंगठी बोटात रुतली. त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम बिनमांसाचं जेवण केलं होतं : पित्सोक्केरी. कुट्टूच्या पिठाच्या करड्या पट्ट्या, बटाटा, कोबी, डोंगरावरच्या गुरांच्या दुधाचं चीज, आणि वरून तांबूस होईपर्यंत कढवलेलं लोणी. मी पाहताक्षणी ओळखलं, ही तर आमची वरणफळं, फक्त वरणाच्या जागी चीज.

त्या दिवशी नेमकी संकष्टी. अर्चना बिचारी उपाशी राहणार म्हणून मी मनातल्या मनात हळहळलो. पण पीठ कुट्टूचं आहे हे कळताच तिचा चेहरा उजळला. कुट्टू उपासाला चालतो, बटाटा चालतो, लोणी चालतं, आणि चीज म्हणजे दूधच की. लसूण नको हे रेवाने आधीच कळवलं होतं. कोबी तेवढा तिने ताटाच्या कडेला सारला. अर्चनाचा आज उपवास आहे असं ओर्नेल्लाबाईंना कुणीतरी सांगितलं होतं. अर्चनाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा त्या तिच्या ताटाकडे नुसत्या बघत राहिल्या. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्यांच्या डोंगरात पोचली नसावी. त्या पट्ट्यांत थोडी गव्हाची कणीकही असते हे रेवाने आईला नंतर सांगितलं, आणि आईने ते ऐकूच आलं नाही असं ठरवलं.

मग ओर्नेल्लाबाई पातेलं घेऊन माझ्यापाशी आल्या. “आंकोरा?” म्हणजे, आणखी?

प्रवासात माझ्या पोटात विमानातल्या पावाखेरीज काही गेलं नव्हतं. चीजच्या तारा पातेल्यातून पळीपर्यंत लोंबत होत्या. मी हसलो, मान हलवली आणि म्हणालो, “नो, नो. ग्रात्सिए.”

“वा बेने,” म्हणजे बरं, असं त्या म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन आत गेल्या.

मला वाटलं, पळी बदलायला गेल्या असतील. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे इतका वेळ बघत राहिलो की दाविदेने मला बाथरूमला जायचंय का विचारलं. मी नको म्हणालो. खरं तर तिथेही जायचं होतं.

खोलीवर आल्यावर मी पलंगावर बसून चिवड्याची पिशवी फोडली. अर्चना तृप्त चेहऱ्याने स्वेटर काढत होती. “ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,” ती म्हणाली. “कुणी सांगितलं होतं नको म्हणायला?”

“अगं, पुन्हा विचारायला नको का? विहीण आहे ना ती? आपल्याकडे व्याह्यांना हाताला धरून वाढतात.”

“मग हात धरायला सांगायचं होतं.”

संध्याकाळी रेवा आम्हाला गाव दाखवायला घेऊन निघाली. अर्चना कमानीखाली बाकावर टेकली आणि आम्ही दोघं चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. खाली खोऱ्यात द्राक्षांचे मळे पायरीपायरीने उतरत गेलेले. मी तिला दुपारची कैफियत ऐकवली, विनोद म्हणून. पण तिला माझे विनोद कळतात.

“बाबा, इथे नको म्हणजे नको असतं,” ती म्हणाली. “पुन्हा विचारणं त्यांना बरं वाटत नाही. तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होतो. हवं असेल तर हवं म्हणायचं.”

“पहिल्यांदाच?”

“पहिल्यांदाच.”

“निर्लज्जासारखं?”

ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. खूप दिवसांनी टेकलं. तेव्हा मला अगदी ओठांवर आलं होतं की बाळ, तुझं लग्न आपल्याकडे करू या. पण मी म्हणालो, “हवा छान आहे.”

दुसऱ्या दिवशी मात्र मी विद्यार्थीदशेत शिरलो. ओर्नेल्लाबाईंनी श्यात्त केले : कुट्टूच्या पिठात चीजचे तुकडे बुडवून तळलेले गोळे. मरीना बीचवरची बज्जी ज्याने गाडीपाशी उभं राहून खाल्ली आहे त्याला या पदार्थाची ओळख करून द्यावी लागत नाही. बाहेरून कुरकुरीत, दात लावला की आतलं चीज जिभेवर चटका देत उतरतं. बशी संपली. “आंकोरा?” त्या म्हणाल्या. माझे कान तापले. आईचं बजावणं आठवलं. मी डोळे मिटून म्हणालो, “सी.” म्हणजे, हो.

गोळे आले. कुणी हसलं नाही, कुणी हावरट म्हणालं नाही. मी आणखी एकदा ‘सी’ म्हणून पाहिलं, केवळ खात्री करायला. रात्री झोपताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. या वयात माणूस बदलतो तो असा, वगैरे.

शेवटच्या दिवशी रविवार होता आणि खानावळ फक्त आमच्यासाठी उघडी होती. ओर्नेल्लाबाईंनी तांब्याच्या मोठ्या भांड्यात मक्याच्या कण्यांचा पोलेंता घोटला. घट्ट पिठल्यासारखा तो लाकडी पाटावर ओतला आणि दोऱ्याने कापून वाढला. मी दोनदा मागून घेतला. मग कॉफी झाली, आणि ओर्नेल्लाबाईंनी एप्रन सोडला, केसांवरून हात फिरवला आणि येऊन माझ्यासमोर बसल्या. दाविदे आणि रेवाने आपापल्या खुर्च्या जवळ ओढल्या.

ऑक्टोबरात गावच्या नगरपालिकेत सह्या करून लग्न नोंदवायचं, एवढं त्या दोघांचं ठरलेलं होतं. त्यापुढचं काही कुणी बोललं नव्हतं. ओर्नेल्लाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. तरी त्या इंग्रजीत बोलल्या, एकेक शब्द जपून मांडत, “वी कम टू चेन्नई. जानेवारी. मॅरेज, युअर वे. यू वाँट?”

माझ्या डोळ्यांपुढे अख्खा मंडप उभा राहिला. नादस्वरम वाजायला लागलं. मला उठून त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. आणि माझं तोंड म्हणालं, “नो, नो! छे छे! एवढ्या लांब कशाला? टू मच ट्रबल. नो नीड.”

माझा हात टेबलावर आडवा झाला होता. खाली ताटही नव्हतं.

ओर्नेल्लाबाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. “ओके,” त्या म्हणाल्या. टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा केले आणि उठून आत गेल्या. दाविदेने समजल्यासारखी मान हलवली. रेवा खिडकीबाहेर बघायला लागली. अर्चनाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. तिच्या गुडघ्यांची तक्रार लक्षात घेता ती चांगलीच जोरदार होती.

भजी मागायला मी शिकलो होतो. लग्न मागायला नाही.

तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी मागे धावून ‘हो, हो, याच’ म्हणायला काय झालं होतं? मीही स्वतःला तेच विचारत होतो. पण आधी नको म्हणायचं आणि मग कुणी न विचारता आपणच हो म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघेना. मला वाटलं, इतका मोठा विषय आहे, पुन्हा विचारतील. संध्याकाळी विचारतील. मी संध्याकाळभर त्यांच्या समोरासमोर येईन असा खानावळीत घुटमळत होतो, शेवटी त्यांनी मला बटाटे सोलायला दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर त्या स्वतः आल्या. अक्रोड आणि अंजीर घातलेला पाव कागदात गुंडाळून अर्चनाच्या हातात दिला, माझा हात दाबला, आणि बसची वाट बघत उभ्या राहिल्या. मी मनात म्हणत होतो, विचारा, बाई, एकदाच विचारा. बस वेळेवर आली.

विमानात मी अर्चनाला म्हणालो, “तू का नाही बोललीस मध्ये?”

“तुम्ही मुलीला छाती फुगवून सांगितलंत ना, आमचं काही म्हणणं नाही म्हणून? आता मी बोलले तर तिला वाटणार, आईने बाबांना भरीला पाडलं. तुम्ही बिघडवलंत, तुम्ही निस्तरा.” मग तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. “भीड ही भिकेची बहीण आहे, हे तुमच्या आईनं नाही का शिकवलं?” ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. हिच्याही मनात मंडप होता आणि तोही मी मोडून आलो होतो, हे मला तेव्हा कळलं, आणि मला माझी फार लाज वाटली.

चेन्नईला परतल्यावर मी निस्तरायला घेतलं, म्हणजे माझ्या पद्धतीने. रेवाने दोन्ही घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. त्यावर मी मंडपाचा दिव्यांनी सजलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं की सहज इथून जात होतो. ओर्नेल्लाबाईंचा अंगठा आला. मग जानेवारीत चेन्नईची हवा किती आल्हाददायक असते त्याची माहिती टाकली. अंगठा. केळीच्या पानावरच्या जेवणाचा फोटो टाकला. “बेल्लो!” म्हणजे, सुंदर. गिरीधररावांच्या पुतणीचं, हरिप्रियाचं लग्न झालं, त्यातला नादस्वरमवाल्यांचा व्हिडिओ टाकला. त्यावर दाविदेने विचारलं की हे वाद्य कुठल्या लाकडाचं करतात. मी चौकशी करून सविस्तर उत्तर दिलं. या सगळ्यातून एका माणसालाही असं वाटलं नाही की मला काही हवं आहे.

अशात मंडपवाल्याचा फोन आला. जानेवारीतली माझ्या पसंतीची तारीख दुसऱ्या कुणीतरी मागितली होती. ठेवायची की सोडायची ते सोमवारी सांगा म्हणाला. मी त्याला ‘बघतो’ म्हणालो आणि पार्कात जाऊन गिरीधररावांना सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. पडलेला चेहरा करून ऐकलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

“तुम्हांस पाहिजे, कां नको?” त्यांनी विचारलं.

“पाहिजे हो! किती दिवस तेच तर—”

“मज काय सांगतां? त्यांस सांगा की!” गिरीधरराव वैतागले. “आमच्याकडं लग्नांत ‘पोदुम, पोदुम’, पुरे पुरे, म्हटलं तरी वाढपी सांबार ओततो, तें तो जवळ उभा असतो म्हणून. ती बाई तिकडं डोंगरांत उभी आहे. ती तुमचं ताट कसं पाहील?”

रविवारी संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अर्चना शेजारी बसली, जरा जास्तच जवळ. तिकडे दुपार होती. खानावळीतल्या टेबलापाशी रेवा, दाविदे आणि एप्रन बांधलेल्या ओर्नेल्लाबाई दिसत होत्या. मी हवेबद्दल विचारलं. त्यांनी हवेबद्दल सांगितलं. मी गुरांबद्दल विचारलं. गुरं वर कुरणात गेली होती. अर्चना खोकली.

“रेवा,” मी म्हणालो, “मी मराठीत बोलतो, तू त्यांना सांग. त्यांना सांग, त्या दिवशी मी नको म्हणालो ते खोटं होतं. मला हवं होतं. त्यांनी विचारलं तेव्हाही हवं होतं आणि त्याच्या आधीपासून हवं होतं. मला माझ्या मुलीचं लग्न इथे करायचंय, आमच्या पद्धतीने, सगळ्या लोकांदेखत. त्यांनी जानेवारीत यावं. मी त्यांना बोलावतोय. मला हवं आहे.”

एवढं सरळ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर दम लागला. रेवा भाषांतर करायला लागली, मध्येच तिने तोंड फिरवलं आणि उरलेलं दाविदेने अंदाजाने पुरं केलं.

ओर्नेल्लाबाई उठल्या आणि पडद्यावरून दिसेनाशा झाल्या. संपलं, मला वाटलं. बाई दुखावली. या माणसाचा कुठला शब्द खरा मानायचा आणि कुठला खोटा, असंच तिला वाटलं असणार. मग त्या परत आल्या, आणि त्यांनी मोबाईलपुढे एक लालसर पुस्तिका धरली. नवाकोरा पासपोर्ट होता.

“मार्चमध्येच काढून घेतला त्यांनी,” रेवा म्हणाली. “आयुष्यातला पहिला. त्या कधी विमानात बसलेल्या नाहीत, बाबा. आणि ते इंग्रजी वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, रोज भांडी घासताना म्हणायच्या. तुम्ही नको म्हणालात तेव्हा—”

ओर्नेल्लाबाई इटालियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. दाविदे हसत सांगू लागला, “ती म्हणते, पुढच्या वेळी पहिल्यांदाच सांगा. तिचं वय झालंय.” मग चुलीवर काहीतरी उतू जात होतं म्हणून त्या गेल्या आणि त्यांच्यामागे दाविदेही गेला.

मी तर हवेत होतो. रेवाला मंडपाची तारीख सांगितली, तंजावरी पद्धतीचा स्वयंपाक गिरीधररावांचे आचारी करणार हे सांगितलं, ओर्नेल्लाबाईंना कुठल्या रंगाची साडी घ्यायची यावर मत दिलं. अर्चनाने माझं मत खोडून काढलं. रेवा हसत ऐकत होती. मग म्हणाली, “आणि बाबा, ऑक्टोबरला नोंदणी आहे ना, तिला तुम्ही नका येऊ हं. जानेवारीत भेटतोच आहोत. तिथे काय, नुसत्या सह्या. थंडीही असते, आईचे गुडघे, उगाच दोनदा प्रवास.”

“बरं,” मी म्हणालो. तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

बोलायचं सगळं संपलं होतं, पण रेवाने फोन ठेवला नाही. नुसती बघत राहिली. पाठीमागे मोकळी टेबलं दिसत होती. अर्चनाने माझ्या मांडीवर हात ठेवला, आणि या वेळी लाथ मारायची वेळ तिच्यावर आली नाही.

“येऊ का ग?” मी विचारलं.

“नको हो बाबा. एवढ्या लांब कशाला?” आवाज तिचा होता, वाक्य माझं.

“रेवा, आम्ही येतो. येऊ ना?”

तिने तोंडावर हात धरला आणि रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, आवाज न करता, खांदे हलवत. “दाविदेच्या बाजूला त्याचं अख्खं गाव उभं राहणार आहे,” ती म्हणाली. “माझ्या बाजूला कुणीच नाहीये.”

“अगं मग आधी सांगायचं नाहीस?”

“सांगितलं की,” ती म्हणाली. “नको म्हणाले ना मी.”